डीएसपी मामांची मोडी यादी

डीएसपी मामांच्या खिशात तीन वस्तू कायम असत: शिट्टी, लाल पेन्सिल आणि एक यादी. शिट्टी पोलीस खात्याची, पण वापर मुख्यतः जेवताना होई. एकदा वाजली की रस्सम, दोनदा वाजली की ताक. "घरात शिस्त नसेल तर जिल्ह्यात कुठून येणार?" असं ते विचारत. जिल्ह्यात तेव्हा आडुतुरैकडच्या तारायंत्राच्या तारा आठवड्याला दोनदा तुटत होत्या.

साल बेचाळीस. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडे राहिलेले मराठी; मी शाळेसाठी कुंभकोणमला मामामामींकडे राहत होते. तारा कापणाऱ्या आणि रूळ उखडणाऱ्या मंडळींना पकडायचं काम सरकारने मामांना दिलं होतं. ते फत्ते झालं की 'रावबहादूर' पदवी मिळणार याची मामांना इतकी खात्री होती की पाटी आधीच रंगवून आणली होती. ती कोठीघरात तांदळाच्या पोत्यांमागे भिंतीकडे तोंड करून उभी असे.

"लिहिलं नाही ते घडलं नाही," असं मामा म्हणत. हे वाक्य मी त्यांच्याकडून घेतलं आणि अजून वापरते. संशयितांची यादी ते मोडीत लिहीत. चौकशी संपली, प्रकरण मिटलं, की नावापुढे लाल खूण. हाताखालचे लोक तमिळ, तारा कापणारेही तमिळ, तेव्हा मोडी कोण वाचणार? "हे कुलूप आहे, पोरी. किल्ली एकट्या माझ्याकडे," असं सांगून ते यादी खिशात घालत आणि कोट खुंटीला अडकवून झोपाळ्यावर बसत.

मामींचे वडील तंजावरच्या राजवाड्यातले जुने मोडी कागद नकलून काढत, आणि शेजारी बसून लेक तीच अक्षरं पाटीवर गिरवी. सगळ्या जिल्ह्याची माहिती काढणाऱ्या मामांनी वीस वर्षांच्या संसारात बायकोला काय वाचता येतं, हे कधी विचारलं नव्हतं.

आडुतुरैजवळच्या तिरुनीलक्कुडीच्या शंकराला तेलाचा अभिषेक करतात. कितीही ओता, पिंडी पिऊन टाकते म्हणतात. मामी दर शुक्रवारी तेल घेऊन जात. त्या वर्षी त्यांची भक्ती वाढली आणि फेऱ्या आठवड्यातून तीन झाल्या. "दिवस वाईट आहेत," म्हणून मामांनी सोबतीला कॉन्स्टेबल मुरुगेसन दिला. तो कळशी वाहून नेई आणि बाहेर चपला सांभाळत बसे. आत मामी पिंडीला तेल देत आणि धाकट्या भावाला यादीतली नावं सांगत. भाऊ रघुनाथ आडुतुरैला शाळामास्तर. तारा कापायची पक्कड त्याच्याच पिशवीत असे. हे सगळं मामींनी मला पुढे मोडी शिकवताना सांगितलं.

परिणामी मामा जातील तिथे घर रिकामं. मरुदानल्लूरला वीस शिपायांनी एका घराला वेढा घातला, तर आतून एक म्हातारी बाहेर आली. "उशीर केलात, सार. सकाळपासून तुमची वाट बघतेय. कॉफीचं डिकाशन गार झालं."

मग एके दिवशी जेवताना मामांनी जाहीर केलं, "यादीत पहिलं नाव रघुनाथचं आहे. कायद्याला मेहुणा नसतो."

मामींनी ताकाचं भांडं उचललं. आईवडील गेल्यावर सख्खा असा तेवढाच उरला होता, आणि सापडला तर निम्मं आयुष्य तुरुंगात जाणार होतं. "कशाला नसतो म्हणालात?"

"कायद्याला."

"बरं. ताकात मीठ आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी कळशी घेऊन निघाल्या.

"आज तुमचा देवळाचा वार नाही," मामा म्हणाले.

"अय्यो, तुम्ही माझ्या भावाला धरायला निघालात. देवाला कुणी सांगायला नको?"

मामांचे डोळे पाणावले. त्यांनी मुरुगेसनला हाक मारली. "अम्मांची कळशी काठोकाठ भर. आणि गाडी जोरात हाक."

गाडी जोरात गेली. दुपारी मामा आडुतुरैला पोचले तेव्हा रघुनाथच्या घरात फळा आणि खडू होता. पुढे तो देश स्वतंत्र झाल्यावरच परतला.

पदवी हुकली. मामांची बदली दूरच्या जिल्ह्यात, लाठ्या आणि कंबरपट्ट्यांच्या गोदामावर झाली. निघण्यापूर्वी त्यांनी शेवटची यादी केली: बातमी कुणी फोडली? अकरा नावं. दोन कारकून, मुरुगेसन, न्हावी, दूधवाली वगैरे. नववी मी. अकरावा शेजारचा पोपट, कारण तो बोलतो. माझी चौकशी पाव तास चालली आणि उत्तरं मलाच सुवाच्य अक्षरात लिहून द्यावी लागली. सगळे निर्दोष ठरले, पोपटसुद्धा.

गेल्या वर्षी मामा वारले. मामी त्यांच्या आधीच गेल्या होत्या. ट्रंक मी आवरली. शिट्टी होती, लाल पेन्सिलीचं थोटूक होतं, ती यादीही होती. अकरा नावं, अकरा लाल खुणा. खाली बारावं नाव वेगळ्या हातचं, मामांपेक्षा कितीतरी देखण्या मोडीत: मामींचं. त्यांनी ते स्वतःच लिहिलं होतं.

त्याच्यापुढेही लाल खूण होती.

याबद्दल मामा कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत. पण मी सुट्टीत त्या गोदामाच्या गावी गेले होते, तेव्हा जेवताना शिट्टी एकदाही वाजली नव्हती. ताक हवं झालं तेव्हा मामांनी मामींकडे बघितलं आणि ते तोंडाने मागितलं.