नानांनी बॅटरी सरळ केली

माझ्या लग्नाच्या दिवशी आमच्या घरात पहिली आंघोळ गाडीची झाली.

गाडी म्हणजे नानांची, माझ्या वडिलांची, जुनी अँबेसेडर. वयाने माझ्याहून मोठी, त्यामुळे मानही तिचाच मोठा! एकुलती एक लेक सासरच्या मांडवात उतरेल ती याच गाडीतून, हे नानांनी मी शाळेत असतानाच जाहीर केलं होतं. (नवरा ठरायचा होता. गाडी ठरलेली होती.) पुढे नवरा धसईचा निघाला. आम्ही आटगावचे.

अडचण एकच, गाडीतला डायनामो. वेग असेल तोवर वीज. वेग कमी झाला की हेडलाइटची समई! हॉर्न वाजवला तर वायपर थांबायचे. शेवटी मीच हट्ट धरला. "डायनामो काढून अल्टरनेटर बसवा, तो हळू चाललं तरी वीज देतो. नायतर मी रिक्षाने जाईन."

लग्नाच्या आदल्या दिवशी मुरबाडचा वायरमन अल्टरनेटर बसवून गेला. जाताना घसा ताणून बजावून गेला, "नाना, तुमच्या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला होता. याला मायनस लागतो. म्हणून बॅटरी फिरवून ठेवलेय. आता हात लावायचा नाय!"

"नाय लावत रे," नाना म्हणाले. पण लक्ष होतं काढून ठेवलेल्या डायनामोकडे. त्याला मांडीवर घेऊन ते फडक्याने पुसत होते. दुसऱ्या दिवशी कायमची जाणार होते मी, आणि निरोप डायनामोला!

आता नानांची एक सवय सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरलं ते कळेल. रोज रात्री ते बॅटरीच्या वायरी काढून ठेवतात. चोराने गाडी चालू करून नेऊ नये म्हणून! (जी गाडी आम्हालाच धक्का मारल्याशिवाय चालू करता येत नाही, ती चोर नेणार!) आणि रोज सकाळी, चहाच्याही आधी, परत जोडतात. सवयीने, हात चालेल तशा.

लग्नाच्या सकाळीही जोडल्या.

अंगणात फाडकन आवाज झाला आणि बॉनेटमधून धूर निघाला. मी डोक्याला टॉवेल गुंडाळून तशीच धावले.

"नाना, काय केलंत?"

"काय नाय. त्या वायरमननं बॅटरी उलटी ठेवलेली. मी फिरवून सरळ केली."

"अहो, उलटीच पाहिजे होती!"

"उलटी कुणाला पाहिजे असते गो?"

नवाकोरा अल्टरनेटर एक मैल न चालता जळाला होता! मी म्हटलं, दुसरी गाडी बोलवा. नानांनी जळकी वायर कापून टाकली आणि म्हणाले, "बॅटरीवर धसई आरामात गाठू." वऱ्हाडाची बस तोवर पुढे निघून गेली होती. मी, आई आणि नाना निघालो.

बॅटरीवर जायचं तर माणूस वीज जपून वापरेल की नाही? छे! प्रत्येक वळणावर हॉर्न. शेळी दिसली, हॉर्न. ओळखीचं घर दिसलं, हॉर्न! "लेकीचं लगीन आहे, लोकांना कळायला नको?" लोकांना कळलं. सरळगावच्या अलीकडे हॉर्नचा घसा बसला आणि इंजिनाने दोन आचके देऊन मान टाकली. शालू कमरेला खोचून मीही धक्का मारला. उपयोग शून्य.

तेवढ्यात धसईला भाजीचे रिकामे क्रेट घेऊन परतणारा टेम्पो थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "चला, तिघांना सोडतो."

नाना हलेनात. "तुमी दोघी जा. गाडी रस्त्यात टाकून मी येणार नाय."

"मग कन्यादान कोण करणार? डायनामो?" मी अशी ओरडले की पलीकडच्या शेतातली माणसं बांधावर आली.

"बापावर ओरडू नको गो, आजच्या दिवशी तरी," आई म्हणाली.

"तुला याच गाडीतनं न्यायची होती," नाना खाली बघत पुटपुटले. हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आलंही. पण रागाचं! मुहूर्त टळत आला होता, काजळ गालावर उतरलं होतं आणि बाप बंपर कुरवाळत होता.

शेवटी ड्रायव्हरनेच दोर काढला आणि अँबेसेडर टेम्पोला बांधली. नानांचा त्याच्या गाठीवर विश्वास नाही, म्हणून ते टेम्पोत मागे, क्रेटवर, गाठीवर नजर ठेवून बसले. स्टिअरिंगवर मी, मुंडावळ्या बांधलेली. शेजारी आई, देवाचं नाव घेत.

माझ्याकडे तोंड करून बसलेला बाप आयताच सापडला! सरळगाव ते धसई मी खिडकीतून डोकं काढून अखंड बोलत होते. बॅटरीवर बोलले, हॉर्नवर बोलले. मांडवाजवळ नाना दोन्ही हात हलवायला लागले.

"आता हातवारे कशाला? सकाळी हात आवरायचे होते!" मी ओरडले.

ते मला ब्रेक दाबायला सांगत होते. टेम्पो थांबला. मी थांबले नाही. टेम्पो चुकवायला स्टिअरिंग वळवलं आणि केळीच्या खांबांसकट स्वागताची कमान बॉनेटवर घेतली!

वाजंत्री थांबली. ओवाळायचं ताट घेतलेल्या सासूबाई जागच्या जागी थिजल्या. "गाडी कोण चालवत होतं?"

स्टिअरिंग माझ्या हातात. कमानीचा झेंडू माझ्या डोक्यावर. मी खणखणीत आवाजात सांगितलं, "नानांनी बॅटरी उलटी लावली!"

मुहूर्त कसाबसा गाठला, कन्यादान नानांनीच केलं. पण आजही माझ्या हातून दूध उतू गेलं की सासूबाई आधी आतून विचारतात, "सूनबाई, बॅटरी कुणी लावलेली?"