गेटबाहेरची मासळी

‘आपण कोणाच्या बाजूचे नाही,’ हे बाबा इतक्या अभिमानाने म्हणायचे, की लहानपणी मला तो मोठाच गुण वाटे. वाशीच्या नव्या सोसायटीत राहायला आलो आणि माझा तो समज साफ खोटा ठरला. आजही कुणी असं म्हटलं की मला शिसारी येते.

खाडीकाठच्या गावातली एक मावशी आमच्या इमारतीत मासे घेऊन यायची. गावाची शेतजमीन शहर वसवायला गेलेली. आमची इमारत उभी होती तिथेच तिच्या सासरचं भात पिकायचं. आता घर चालायचं ते डोक्यावरच्या पाटीवर. आमच्या दाराशी बसून ती बांगडे कापून द्यायची, आई ताट धरायची आणि बाबा आतून ओरडायचे, ‘डोकी टाकू नका हो, मावशी.’

मग जिन्यात वास येतो, खवले पडतात, अशी तक्रार झाली. खरं तर इमारतीतली अर्धी माणसं कोकणातली, रविवारी मासळीशिवाय घास न उतरणारी. मावशीने बाबांना विचारलं, ‘दादा, मिटिंगमदी माज्यासाटी दोन शब्द बोलाल ना?’

‘बघतो,’ बाबा म्हणाले.

मिटिंग गच्चीवर झाली. मासेवाल्यांना गेटच्या आत सोडू नये, असा ठराव आला. ‘कोणाची हरकत?’ चेअरमननी विचारलं. कुणी घड्याळ बघू लागलं, कुणी चहाचा रिकामा कप. बाबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. ठराव एकमताने मंजूर झाला. घरी आईने जाब विचारला तर म्हणाले, ‘या लोकांची रोज तोंडं बघायची असतात. कशाला वाईटपणा घ्यायचा?’ मावशीचं तोंड बघावं लागणार नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

पण मासळीला चटावलेली जीभ गप्प बसेना. पुढच्या रविवारी पिशवी आणि मला घेऊन बाबा गावातल्या बाजारात गेले. चांगल्या जागा आधीपासून बसणाऱ्या बायकांच्या. मावशी पार मागे, उन्हात, गोणपाटावर बसली होती. तिने काही विचारायच्या आतच बाबा म्हणाले, ‘मी काही बोललो नाही हो तुमच्याविरुद्ध.’

तिने बांगड्यांवर पाणी शिंपडलं. ‘सगली येतान नि त्याच सांगतान, दादा. कोन काय बोलला नाय. मंग मना भायेर काडला कोनी?’

बाबा पिशवीचे बंद चाचपत राहिले. तिने मासे कापले, पिशवीत घातले, वर दोन जास्तीचे टाकले. गिऱ्हाईक तुटणं तिला परवडणारं नव्हतं. परतताना बाबांचा चेहरा मात्र खुलला होता.

‘बघ,’ ते मला म्हणाले, ‘तिच्या मनात काही नाही.’

त्या दुपारी ते बोटं चाटून जेवले. मला त्यांच्या शेजारी बसवेना.