हेलविखनं गिळलेला बाळ येशू

डेल्फ्ट शहरातल्या आमच्या कारखान्यात प्रार्थनेच्या वेळी मुठीत धरायच्या अक्रोडाएवढ्या लाकडी डब्या बनायच्या. उघडली की आत अख्खा गोठा: मारिया, योसेफ, बैल, गाढव आणि गव्हाणीत तिळाएवढा बाळ येशू. मूर्ती मालक कोरायचे. त्या जागच्या जागी बसवायच्या हेलविखनं, आणि वरून मेण घासायचं मी. तीस वर्षं एका बाकावर बसलो आम्ही. तिला ना नवरा ना पोर, पण हात असा की मालकसुद्धा तिच्यापुढं आवाज चढवत नसत.

तिची एक खोड होती. चिमट्यातून बारीक मूर्ती उडते, म्हणून ती मूर्ती जिभेच्या टोकावर धरायची आणि तिथून सुईनं उचलायची. मी हजारदा टोकलं, ऐकेल तर शपथ.

ईस्टरच्या आदल्या सकाळी बाळ येशू तिच्या जिभेवर होता आणि बाईला उचकी लागली.

"गेला," ती म्हणाली.

"कुठं गेला?"

तिनं पोटावर हात ठेवला.

"थुंक! आत्ताच्या आत्ता थुंक!" मालक ओरडले. मी तिच्या पाठीत धपाटे घातले. कसलं काय! मालकांनी कपाळावर हात मारला, आता दुसरा कोरायला चार दिवस जाणार म्हणून. तिला त्याचं काहीच नव्हतं.

"मेख्तेल्ड, मी सकाळी खारा मासा खाल्लाय गं!"

"मग?"

"मग काय? प्रसादाच्या भाकरीतला प्रभू उपाशीपोटी घ्यायचा असतो. मी माशावर घेतला, तोही पापं कबूल न करता. उद्या मला प्रसाद कोण देईल?"

एरवी मी खो खो हसले असते. त्या दिवशी हातातलं मेण तिथंच टाकलं. तिला ओढत मी फादर गिस्बेर्तकडे नेलं.

फादर पोट धरून हसले. "अगं वेडे, लाकूड गिळलंस तू! ज्या वाटेनं जायचं त्या वाटेनं जाईल."

माझा जीव भांड्यात पडला. तिचा चेहरा मात्र पांढराफटक.

"नुसतं लाकूड, फादर?"

"मग काय तर!"

"गेल्या महिन्यात विणकराची पोर मरत होती. आमची डबी तुम्हीच तिच्या मुठीत दिलीत. प्रभू तुझ्या हातात आहे, म्हणालात."

"ते वेगळं. तुला नाही कळायचं. उद्या ये प्रसादाला."

परतताना ती पुलावर थांबली. "तीस वर्षं श्वास रोखून मी काय बसवत होते गं?" मला राग आला, तिचा की फादरांचा, कोण जाणे.

ईस्टरला रांगेत मी तिच्या मागं होते. फादरांनी पवित्र भाकर, म्हणजे साक्षात प्रभूचं शरीर, तिच्या ओठांपाशी आणली. तिनं तोंड उघडलं नाही. सगळं देऊळ बघत राहिलं. मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "आणि ही, फादर? ही पण नुसती भाक..."

असं बोलणाऱ्यांना या देशात जिवंत जाळतात. मी मागून तिच्या तोंडावर हात दाबला. ती माझ्या तळव्याला कडकडून चावली, तरी मी हात काढला नाही.