फंडाच्या टेबलावरच्या कुमुदताई

श्रीमती कुमुदताई जोर्वेकर यांची पहिली भेट मला आठवते ती दुपारच्या मऊ उन्हासकट. संगमनेरजवळच्या आमच्या दूध संघात माझी संकलनातून आस्थापना विभागात बदली झाली होती. खाली कॅन धुण्याच्या वाफेचा पांढरा ढग तरंगत होता. खिडकीतून त्याच्याकडे पाहत ताई एका टँकरचालकाला विचारत होत्या, "साठीनंतर सकाळी उठून कुठं बसणार, काका?"

काका फंडातून उचल मागायला आले होते. ते गोंधळले, मग हसले. "घोडेगावला, घरामागं. लिंबाखाली. म्हशी बघत." क्षणभर आम्ही तिघंही जणू त्या लिंबाखाली जाऊन बसलो होतो.

भविष्य निर्वाह निधीतून अडचणीपुरते पैसे काढायचे अर्ज ताईंनी जवळजवळ सारी नोकरी हाताळले. आजारपण, घर, शिक्षण, लग्न, सगळे नियम त्यांना तोंडपाठ. तरी अर्ज पुढं ओढण्याआधी तो प्रश्न त्या विचारायच्याच. कुणाला अडवायला नव्हे. गरज खरी असेल तर अर्ज त्याच दिवशी रवाना होई. "हे पैसे त्यांच्या म्हातारपणाचे आहेत. त्या म्हातारपणाला विचारल्याशिवाय हात कसा लावायचा?" असं त्या म्हणत. मी स्वतः घरासाठी उचल मागितली तेव्हा मी म्हटलं, "बसायला अजून घरच नाही, ताई." ताई हसल्या आणि म्हणाल्या, "मग आधी घर बघच," आणि माझा अर्ज भरायला घेतला.

पण त्यांचं मोठेपण मला उमगलं ते हिराबाईंमुळे. हिराबाई पॅकिंग विभागात पिशव्या भरायच्या. एके दिवशी त्यांचे पती सुभाषराव त्यांना घेऊन आले. "हिच्या आजारपनासाठी फंड काढायचाय. अर्जाचा कोड माज्याच मोबाईलवर येतो, मी सांगतो," ते म्हणाले. हिराबाई खाली मान घालून पदराचं टोक पिळत होत्या.

ताईंनी सुभाषरावांना बाहेर बाकावर बसायची विनंती केली. दार लोटलं आणि हिराबाईंना विचारलं, "तुम्हाला काय होतंय?"

"मला काय बी न्हाई, ताई. त्यांना जुना टेम्पो घ्यायचाय."

"आणि तुम्हाला काढायचेत का?"

हिराबाईंनी लोटलेल्या दाराकडे पाहिलं. मग हळूच मान हलवली. नाही.

ताई बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सभासद त्या आहेत. त्यांच्या मनाविरुद्ध आणि खोट्या कारणानं मी अर्ज पाठवणार नाही." सुभाषराव तावातावानं थेट वरिष्ठांकडे गेले. ताईंकडे लेखी खुलासा मागितला गेला. मी घाबरले होते. त्यांच्या निवृत्तीला फार काळ उरला नव्हता. त्यांनी दोनच ओळी लिहिल्या : "सभासदाने अर्ज केलेला नाही. त्यांनी केला, की त्याच दिवशी पाठवीन." प्रकरण तिथंच थांबलं. त्याच आठवड्यात ताई हिराबाईंना घेऊन दुकानात गेल्या, त्यांच्या नावाचं सिमकार्ड घेतलं, फंडाच्या नोंदीत तो नंबर लावला आणि नावातली जुनी चूकही दुरुस्त करून घेतली.

घरी हिराबाईंना काही दिवस बोलणी खावी लागली. ताईंना ते ठाऊक होतं. त्या मला एकदा म्हणाल्या, "मी बरोबर केलं ना गं?" इतक्या वर्षांत त्यांचा आवाज असा कापरा मी तेव्हाच ऐकला.

दोनेक वर्षांनी एका सकाळी हिराबाई एकट्याच आल्या. सुभाषरावांच्या आतड्याचं ऑपरेशन ताबडतोब करायचं होतं. "ताई, आता मला काढायचेत. माज्या मनानं." त्यांच्याच मोबाईलवर कोड आला. एकेक आकडा त्यांनी बोटानं दाखवत वाचला, कुणी पहिल्यांदाच आपलं नाव मोठ्यानं वाचावं तसा. अर्ज त्याच दिवशी गेला. पैसे येईपर्यंत इस्पितळ थांबायला तयार नव्हतं, तेव्हा ताईंनी स्वतः जाऊन हमी दिली. ऑपरेशन पार पडलं. पाचव्या दिवशी पैसे जमा झाले.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा सुभाषराव छताकडे पाहत म्हणाले, "ताई, मी तुमची तक्रार केल्ती."

"केली होतीत. मी उत्तरही दिलं होतं," ताई म्हणाल्या. "आता पेज निवतेय, ती घ्या." सुभाषरावांनी हिराबाईंकडे पाहिलं, आणि दोघांचेही डोळे भरून आले.

ताई आता निवृत्त आहेत आणि यंदा साठ वर्षं पूर्ण करीत आहेत. प्रवरेकाठी त्या सावकाश फिरतात. वाटेत कुणी ना कुणी मोबाईल पुढं करून अर्ज दाखवतं. त्या चष्मा लावतात आणि सगळा वाचतात. त्यांच्या गुडघ्यांना बळ राहो, नजर अशीच स्वच्छ राहो, आणि अशा संथ, उजळ सकाळी त्यांना पुष्कळ लाभोत, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा.

हा लेख लिहिते आहे असं हिराबाईंना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "लिवा, लई जगा म्हनावं. आमची लई मानसं अजून रिटायर व्हायची हायेत."