आमी म्हंजी कोण

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणावळ्यात एका साखरपुड्यात आबांचीच गोष्ट सांगत होतो. घरात कुठलंही कार्य असो, जेवणं उरकली की मंडळी सुपारी कातरत मला म्हणतात, "हं, होऊ दे पूल." मग मी माझ्या या थोरल्या चुलत्यांना एकाहत्तरच्या लढाईत पाठवतो, पूर्वेकडच्या एका नदीवर उभं करतो आणि एकट्याच्या बळावर पूल काबीज करायला लावतो. पुलाला शत्रूनं सुरुंग लावलेले; तो उडाला असता तर मागची फौज अलीकडेच अडकली असती. एवढं खरं. बाकीचं माझ्या तोंडून दरवर्षी वाढत गेलं. त्या दिवशी आबा दातांनी वायरी तोडत होते आणि फोन वाजला…

खुद्द आबा पवनानगरच्या ओट्यावर बसून एवढंच म्हणत, "आमी पूल घेतला." आमच्याकडे जुनी माणसं स्वतःलाही 'आमी' म्हणतात. "आमी जेवलो" म्हणजे मी जेवलो. तेव्हा पूल आबांनीच घेतला, हे मी कधीच ठरवून टाकलेलं. काकी तर नवी नवरी असताना विकत घेतला असंच समजली होती. "म्हटलं, पूल घेतलाय म्हंजी जकात तरी येत आसंल," असं ती सांगायची आणि आबा गालात हसायचे.

शेवटच्या भेटीत मात्र त्यांनी मला खाटेशी ओढून बसवलं. "माज्या दहाव्याला घाटावर तूच बोलनार."

"आबा, असलं काय बोलता?"

"ऐक. आमी म्हंजी मी न्हवं. आमी दोघं व्हतो. वायरी त्यानं तोडल्या, खाली लोंबकळून. मी वर पालथा पडलोतो. भ्यालतो लय. तो काय परत वर आला न्हाई… तेवढं सांग. त्याचं नाव घे."

नाव त्यांनी सांगितलं. मी "हो आबा" म्हणालो. पण माझ्यातला कथेकरी तोवर कामाला लागला होता. सुरुवात कुठून करावी, ऐकणाऱ्यांचा श्वास कुठं रोखावा…

दशक्रियेला पवनेच्या घाटावर ही गर्दी. माझ्या आधीच्या वक्त्यानं आबांना 'एकटा वाघ' करून टाकलेलं. समोर त्यांची नातवंडं ताठ मानेनं बसलेली. माइक हातात आला आणि सवयीच्या जिभेवरून जुनीच गोष्ट घरंगळली, दातांसकट. पुष्कळांनी डोळे पुसले. छान झालं म्हणे.

परवा काकीकडे जेवायला बसलो. तिनं भाकरीचा पहिला घास मोडून ताटाबाहेर ठेवला आणि थांबली.

"ह्ये रोज आसा घास काढायचे. देवाचा न्हवं, जोडीदाराचा. नाव घ्यायचे, पन तोंडातल्या तोंडात. मला कदी ऐकू आलं न्हाई. आता मी काढते. तुला सांगितलंतं ना त्यांनी? काय म्हनू?"

मी आठवत राहिलो. नदी आठवली, लोंबकळणारा माणूस आठवला, पालथे पडलेले आबा आठवले. त्यांच्या तुकडीतलं आता कुणी उरलेलं नाही, ज्याला विचारावं…

"काकी, तू जेव," मी म्हणालो. "जेवण निवतंय."

"नाव घेतल्याबिगर कशी जेवू?" ती म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.