दोन बोटं वारा

आमच्या चर्चमधला ऑर्गन दीडशे वर्षांचा, आणि त्याला वारा देणाऱ्या भातेकाकू चौसष्टच्या. ऑर्गनमागच्या अरुंद खोलीत लाकडी दांडा दाबायचा, सोडायचा. कातडी भाता फुगत जातो, तशी दोरीला टांगलेली शिशाची गोळी खाली उतरते. भिंतीवरच्या खुणेला गोळी टेकली की भाता भरला. एकतीस वर्षांत काकूंनी एक रविवार चुकवला नाही. ऑर्गन समोर बसून ऐकला मात्र कधीच नाही.

यंदा भात्याला विजेची मोटर बसली.

"काकू, आता पुढच्या बाकावर बसायचं, राणीसारखं," वाजवणारे मास्तर म्हणाले.

"राणीला काही कामधाम नसतं वाटतं?" काकूंनी विचारलं.

रविवारी दोन गाणी गोड झाली. तिसरं जोराचं. त्यात ऑर्गनच्या सुरांच्या नळ्यांतला सगळ्यांत मोठा लाकडी नळा म्हशीसारखा हंबरला. सुताराने सोमवारी सगळं उघडून पाहिलं, पण दोष सापडेना. मोटर परत पाठवायची ठरली.

"बघा अक्का, आता स्वतःहून बोलावतील," धुणं वाळत घालताना धाकटी जाऊ म्हणाली. "तुम्ही फक्त गप्प राहा."

काकूंनी ओली चादर झटकली. नळ्याला चीर होती, हे त्यांना अकरा वर्षं ठाऊक होतं. जोराच्या गाण्याला त्या गोळी खुणेच्या दोन बोटं वरच ठेवत. तेवढा वारा कमी पडला की नळा निमूट गाई. पण आपल्यामागे हे कोण सांभाळणार? हातातली चादर त्यांनी जावेच्या खांद्यावर टाकली आणि चर्चची वाट धरली.

"मोठ्या नळ्याच्या पाठीवर हात फिरवा. तळापासून वीतभर वर," त्या सुताराला म्हणाल्या.

केसाएवढी चीर बोटाला लागली.

"काकू, इतकी वर्षं बोलला का नाहीत?" मास्तर म्हणाले.

"बोलले असते तर माझ्याकडे काय राहिलं असतं, मास्तर?"

भात्याच्या ठिगळातून उरलेलं कातडं त्यांनीच काढून दिलं. सुताराने ते चिरेवर चिकटवलं.

मोटर राहिली. पुढच्या रविवारी काकू पुढच्या बाकावर बसल्या आणि जोराचं गाणं सुरू झालं. काकूंचा हात नकळत खालीवर होऊ लागला.

"अक्का, बाक हलतोय," जाऊ कुजबुजली.

तेवढ्यात मोठा नळा भरल्या वाऱ्यावर बोलला. पायाखालच्या फरशीतून तो आवाज गुडघ्यापर्यंत चढला. काकूंचा हात थांबला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं मी याला अर्धपोटीच ठेवलं."