फाइलीचं नाव

धाकटी जाऊ लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली, तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते. "ताई, लायब्ररी इम्पोर्टच होईना. सकाळपास्नं बसलीय," ती म्हणाली.

तो लॅपटॉप तिला मामंजींनी घेऊन दिलेला. मी बारामतीत कॉम्प्युटरची पदवी घेऊन काटेवाडीच्या या घरात आले, त्याला नऊ वर्षं झाली. नोकरीचा विषय काढला तेव्हा मामंजी म्हणाले होते, "घरात काय काम कमी हाय व्हय?" जाऊ निरवांगीची, बी.ए. झालेली, लग्नाला दीड वर्ष. मोबाइलवर बघून ती पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकायला लागली. शेडनेटमधल्या ढोबळी मिरचीजवळचं तापमान आम्ही रोज वहीत लिहितो, त्याचा आलेख काढते म्हणाली, तर महिन्याभरात लॅपटॉप घरात. वर मामंजी आल्यागेल्याला सांगायचे, "आमची धाकटी प्रोग्रॅम लिहिती." चहाचे कप घेऊन मी तिथंच उभी असायची.

स्क्रीनकडे पाहताक्षणी मला चूक दिसली. तक्ते वाचणारी जी लायब्ररी, म्हणजे आयता प्रोग्रॅम, तिला हवी होती, तिचं नाव पांडाज. आणि बाईनं स्वतःच्या फाइलीलाही तेच नाव दिलं होतं. त्यामुळं प्रोग्रॅम खऱ्या लायब्ररीकडं न जाता त्याच फाइलीकडं परत येत होता. नाव बदललं की झालं. कॉलेजात मीही हीच चूक केली होती.

मी म्हणाले, "लायब्ररी नीट बसली नसेल. काढून परत टाक."

रेंजसाठी गच्चीवर जाऊन तिनं दोनदा काढली, दोनदा टाकली. जेवताना तिचा चेहरा एवढासा झालेला. मामंजी म्हणाले, "थोरलीला इचार की. तिनं त्याचंच तर शिक्षण घेतलंय." नऊ वर्षांनी त्यांना ते आठवलं होतं. मला बरं वाटलं आणि रागही आला. "उद्या बघते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेडनेटमध्ये आम्ही दोघी मिरचीची रोपं सुतळीला गुंडाळत होतो. ती म्हणाली, "मला न्हाय जमायचं, ताई. लॅपटॉप तुमीच घ्या."

मला तो हवाच होता. पण असा हातात आला, तर तोंडातून हो निघेना.

"तुझ्या फाइलीचं नाव बदल," मी म्हणाले. "लायब्ररीचं आणि तिचं एकच नाव झालंय. मला कालच दिसलं होतं."

"मग काल का न्हाय सांगितलं?"

"तुझा हेवा वाटतो म्हणून."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ती पुढच्या रोपाकडं वळली.

दुपारी आलेख निघाला. तिनं तो मामंजींना दाखवला, सासूबाईंना दाखवला. मला दाखवला नाही. त्यांनी केलेलं तिचं कौतुक मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि कणीक जरा जास्तच मळली.

तीन दिवसांनी नवीन चूक घेऊन ती दारात आली. बसली नाही. "दिसली की लगेच सांगा," म्हणाली. एक कंस राहिला होता. मी लगेच सांगितलं. ती निघाली तसं मी विचारलं, "दुपारी तासभर मला देशील का लॅपटॉप?"

ती म्हणाली, "घ्या की. पर माझ्या फाइलींना हात लावू नका."